पाटी आणि वाटसरू अथवा सापडणाऱ्या शीर्षकाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. आमच्या गावावर पावसाने तीन दिवस धरणे धरले होते. चौथ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन हजेरीपट उघडतो न उघडतो, तोच पाचवीतल्या एका मुलाची आई भिजल्या पदराने तोंड पुसत वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगा तालुक्याच्या रुग्णालयात होता. आदल्या रात्री पडवीतली लाकडे काढताना त्याच्या पायाला फुरसे डसले होते.

"जिवावरचं टळलं, गुरुजी," ती म्हणाली, "पण डॉक्टर माझ्यावर फार रागावले."

रागावण्याचे कारण असे, की रात्री घाबऱ्याघुबऱ्या तिने हातातल्या मोबाइलवर विचारले होते, 'साप चावला तर काय करायचं'. समोर पहिले जे पान आले त्याने सांगितले, की दंशाच्या वर दोरी करकचून आवळा आणि अमक्या पाल्याचा लेप लावा. तिने तसे केले. पाला शोधण्यात पाऊण तास गेला आणि आवळलेला पाय काळानिळा पडला. पुढे रुग्णालयात प्रतिविष मिळाले म्हणून मुलगा वाचला. पण लंगडत चालायचा तो दिवाळीपर्यंत.

मी मान खाली घातली. कारण याच विषयावर सहा महिन्यांपूर्वी मी एक लेख लिहून आमच्या शाळेच्या संकेतस्थळावर ठेवला होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे कसे ओळखावेत. दंश झालेला अवयव हलवू नये, दोरी आवळू नये, जखमेवर चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष असेल त्या रुग्णालयात तडक न्यावे, हे सारे त्यात होते. डॉक्टरांकडून तपासून घेतले होते. तिला तसे सांगितले, तेव्हा तिने साध्या मनाने विचारले, "मग तुम्ही लिहिलेलं मला दिसलं कसं नाही हो?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते दहावीतल्या एका विद्यार्थ्याने दिले. संगणकापुढे बसून त्याने माझा लेख उघडला आणि हसू दाबीत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या मथळ्यात सापच नाही."

खरेच नव्हता. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला मथळ्याचा एक मोह असतो. मी लेखाला नाव दिले होते, 'पावसाळ्यातला पाहुणा'! मला ते फार आवडले होते. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट त्या मुलाने पुढे दाखविली. वेबवरच्या पानाला दोन नावे असतात. एक पानाच्या माथ्यावर, वाचकाला दिसणारे; दुसरे पानाच्या पोटात, यंत्राला सांगितलेले. शोध घेणाऱ्याच्या यादीत निळ्या अक्षरांनी झळकते ते बहुधा हे दुसरे. ते भरायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. तिथे यंत्राने आपल्या मनाने लिहिले होते, 'नवीन पान १'.

त्या दिवसापासून मला नावांचा नाद लागला. मी काही पदवीधर पंडित नव्हे. पण गावातले वाचनालय आणि रात्रीचा निवांतपणा एवढ्या भांडवलावर जे वाचले, त्यातून एक गंमत हाती लागली. ग्रंथाला नाव असावे, हे माणसाला फार उशिरा सुचले. आणि ते सुचण्याचे कारण प्रत्येक वेळी एकच होते : वाचायच्या वस्तू वाढल्या आणि हवी ती सापडेना.

प्राचीन वाङ्मयात पुष्कळदा पहिला शब्द हेच नाव. आपली ईश आणि केन ही दोन्ही उपनिषदे आपापल्या पहिल्या शब्दावरून ओळखली जातात. 'केन' म्हणजे 'कोणाकडून'. एवढ्यावरून आत काय आहे ते कोणाला कळावे? पण ज्याला ते मुखोद्गत आहे त्याला पहिला शब्द उच्चारला की पुढचे सारे आठवते. बाबिलोनच्या सृष्टिकथेचेही तसेच. 'एनुमा एलिश' हे तिचे नाव म्हणजे तिचे आरंभीचे दोन शब्द. ही माहीत असलेल्यांना आठवण देणारी नावे. ज्याला काहीच माहीत नाही, त्याच्या ती उपयोगाची नाहीत.

पुढे ग्रंथ पाठांतरातून पोथीत आले. आपल्या हस्तलिखितांत ग्रंथाचे नाव बहुधा शेवटी, 'इति श्री' म्हणून येणाऱ्या समाप्तीच्या ओळींत असे. या ओळींना पुष्पिका असे सुंदर नाव आहे. परंतु पोथीची पाने सुटी. रुमाल सुटला, वारा आला, दोन पोथ्यांची पाने एकमेकांत मिसळली, तर कोणते पान कशाचे हे कसे ओळखावे? म्हणून नकलून काढणारे लोक पानाच्या समासात ग्रंथनामाची दोनचार अक्षरे आणि पानाचा अंक घालीत. घरात जुनी पोथी असेल तर या दिवाळीत झाडताझटकताना समास पाहा. सुट्या पानाने आपली ओळख आपल्या अंगावर वागवली पाहिजे, ही त्या बारीक अक्षरांतली शहाणीव आपण लक्षात ठेवू. पुढे ती कामाला येणार आहे.

इजिप्तमधल्या आलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात पपायरसच्या गुंडाळ्या होत्या. गुंडाळी उलगडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसे, म्हणून तिच्या टोकाला नावाची चिठ्ठी लोंबती सोडीत. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात तिथल्या कालिमाखोस नावाच्या कवीने ग्रंथकारांची आणि त्यांच्या ग्रंथांची प्रचंड सूची रचली. ती १२० खंडांची होती असे सांगतात. तीत ग्रंथाच्या नावाबरोबर त्याची पहिली ओळही तो नोंदवी, कारण नावाचा भरवसा नव्हता. एकाच ग्रंथाला दोघे दोन नावांनी हाक मारीत.

छपाई आली तेव्हा तरी नावे सुधारली असतील, असे वाटेल. पण १४५५च्या सुमारास गुटेनबर्गने छापलेल्या बायबलला नावाचे पानच नाही! वाचक शेकडो कोसांवर आणि छापखाना इथे, अशी स्थिती झाल्यावर मात्र पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुस्तकाला हळूहळू मुखपृष्ठ फुटले. पुढे लंडनचे पुस्तकविक्रेते या मुखपृष्ठाच्या जादा प्रती छापून रस्त्यावरच्या खांबांना डकवू लागले. नाव आता पुस्तकापासून सुटून एकटेच बाजारात उभे राहिले. त्याला एकट्यालाच सारे सांगायचे होते. म्हणून १७१९ सालच्या 'रॉबिन्सन क्रूसो'चे मूळ नाव एका पूर्ण पानाचे आहे. नाविक कोणत्या गावचा, निर्जन बेटावर अठ्ठावीस वर्षे कसा राहिला, जहाज फुटून बाकीचे सारे कसे बुडाले, इतकेच काय, शेवटी त्याची सुटका कशी झाली तेही मथळ्यातच! आजच्या प्रकाशकाला घेरी यावी. पण खांबापाशी थांबलेल्या वाटसरूला ते पुरते उमगत असे.

आपल्याकडेही ही रीत आली. बाबा पदमनजी यांचे १८५७ सालचे पुस्तक आपण 'यमुनापर्यटन' म्हणून ओळखतो. त्याचे पुरते नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. यातला 'अथवा' मोठा गुणी. त्याच्या अलीकडे लेखकाची हौस, पलीकडे वाचकाची सोय. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ग्रंथ १९१५ साली निघाला, त्याच्याही माथ्यावर हा 'अथवा' आहे : 'श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र'. नुसते रहस्य म्हटले असते तर ते कसले हे कळण्यास आत शिरावे लागले असते; 'कर्मयोगशास्त्र' या शब्दाने ते दारातच कळते.

याउलट हरिभाऊ आपटे. त्यांच्याही कादंबरीची नायिका यमुनाच, आणि तिचेही दुःख स्त्रीजन्माचे आणि वैधव्याचे. पण १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून ती वाचकांपुढे आली ती 'पण लक्षात कोण घेतो?' असा निःश्वास टाकीत. मराठीत याहून भेदक मथळा मला ठाऊक नाही. मात्र या मथळ्यात ना विधवा, ना स्त्री, ना यमुना! हरिभाऊंना ते परवडले, कारण 'करमणूक'चा अंक वाचकाच्या हातात पडलेलाच होता. हातात अंक असलेल्याला थांबवायचे, हे त्या मथळ्याचे काम. दूरच्या अनोळख्याला शोधून आणायचे काम त्याच्यावर नव्हते. मथळ्याचे हे दोन धंदे वेगळे आहेत. मी माझ्या सापाच्या लेखात नेमकी इथेच गल्लत केली होती.

आता यंत्र येते. १९५० नंतर शास्त्रीय निबंधांचा असा पूर आला, की अभ्यासकाला आपल्याच विषयात काय छापले गेले ते कळेना. अमेरिकेत आयबीएम कंपनीत हान्स पीटर लून नावाचा जर्मन वंशाचा संशोधक होता. त्याचा मूळचा धंदा कापडाचा. कापडातले धागे मोजण्याचे एक साधन त्याने काढले होते. क्रेडिट कार्डावरचा अंक चुकीचा लिहिला गेला तर यंत्राला ते ओळखू येते, ती हिशेबाची युक्तीही त्याचीच. या लूनने १९५८च्या सुमारास मथळ्यांची एक नवी सूची दाखविली. निबंधाचा मथळा यंत्राला द्यायचा. 'चा', 'वर', 'आणि' यांसारखे बिनकामाचे शब्द यंत्र सोडून देई आणि उरलेल्या प्रत्येक शब्दाखाली तो मथळा पुन्हा छापी. मथळा पाच अर्थवाही शब्दांचा असेल तर तो सूचीत पाच ठिकाणी सापडे. रसायनशास्त्राच्या निबंधांची अशी सूची १९६१पासून नियमित निघू लागली.

याचा परिणाम लिहिणाऱ्यांवर झाला. 'काही निरीक्षणे' किंवा 'एक टिपण' असा विनयशील मथळा देणारा शास्त्रज्ञ सूचीतून पार नाहीसा होऊ लागला; कारण त्या मथळ्यात शोधण्याजोगा शब्दच नव्हता. मग संपादक सांगू लागले, की मथळ्यात पदार्थाचे नाव घाला, प्रयोगाचे नाव घाला. यंत्राला सापडावे म्हणून नाव बदलण्याची आजची जी विद्या आहे, तिची मुळाक्षरे इथे गिरवली गेली; इंटरनेटचा तेव्हा पत्ताही नव्हता.

वेबचा जन्म पुढे तीस वर्षांनी झाला. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली याने १९८९ साली तिची कल्पना मांडली आणि १९९१ साली ती जगासाठी खुली झाली. पानाच्या पोटात नावासाठी एक वेगळी जागा त्याने आरंभापासून ठेवली होती. ते नाव पानावर दिसत नाही. खिडकीच्या चौकटीवर दिसते आणि यादीत दिसते. १९९५ साली या लेखनपद्धतीचे नियम प्रसिद्ध झाले, त्यांतही या नावाविषयी उपदेश आहे. नाव असे असावे, की पान त्याच्या जागेवरून उचलून जगात कुठेही नेले तरी ते कशाविषयी आहे हे समजावे. नुसते 'प्रस्तावना' म्हटले तर कशाची प्रस्तावना ते कळणार नाही. आणि नाव ६४ अक्षरांच्या आत ठेवावे. लांबले तर तुटेल.

हे वाचले आणि मला पोथीचा समास आठवला. वेबचे प्रत्येक पान हे सुटे पान आहे. वाचक मुखपृष्ठावरून शिरत नाही. वाऱ्यावर उडालेले मधलेच एक पान त्याच्या हाती पडते. आपल्या नकलनविसांनी समासात घातलेली अक्षरे आणि जिनिव्हाच्या त्या शास्त्रज्ञाने ठेवलेली जागा, दोन्हींच्या मागे चिंता एकच.

मग शोधयंत्रे निघाली. डिसेंबर १९९३मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर याने 'जंपस्टेशन' नावाचे शोधयंत्र चालू केले. त्याच्या संगणकाची शक्ती बेताची, म्हणून ते पानांची नावे आणि मथळे तेवढे नोंदवून घेई. आतला मजकूर त्याला झेपत नसे. ज्या पानाचे नाव धड नाही, ते त्याच्या लेखी जगातच नव्हते. पुढे १९९८ साली सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी गूगलची रचना सांगणारा निबंध लिहिला. कोणत्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने बोट दाखवितात यावरून त्या पानाची पत ठरवावी, ही त्यांची मुख्य युक्ती. पण त्याच निबंधात त्यांनी नोंदवून ठेवले आहे, की साध्या प्रश्नांसाठी नुसती पानांची नावे चाळली आणि त्यांना या पतीची जोड दिली, तरी उत्तरे उत्तम येतात. आज यंत्र सारा मजकूर वाचते. नावाचे वजन मात्र अजून गेलेले नाही.

जिथे वजन आहे तिथे खोटे मापही येणारच. लोकांच्या ध्यानात आले, की नावात शब्द असला की पान वर येते. मग तोच शब्द एका नावात दहादहा वेळा कोंबू लागले. 'स्वस्त साडी, साडी स्वस्त, साडी साडी', असा तो जप! टेलिफोनच्या पुस्तकात आपले नाव पहिले यावे म्हणून परदेशी दुकानदार नावाआधी 'ए ए ए' लावीत, त्यांचेच हे भाऊबंद. दुसरी टोळी याहून चलाख. 'हे वाचून तुम्ही थक्क व्हाल', असे नाव द्यायचे आणि आत काही नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! एकदा फसलेला वाचक पुन्हा त्या दारात पाऊल ठेवीत नाही.

या कोंबाकोंबीला यंत्रेही शिकली. असे कोंबलेले नाव, किंवा 'नवीन पान १'सारखे मुके नाव दिसले, की गूगल ते बाजूला ठेवून पानाच्या माथ्यावरचा मथळा वा आतले शब्द घेते आणि यादीत आपले नाव लावते. ऑगस्ट २०२१मध्ये ही पद्धत बदलली तेव्हा, आपल्या नावाला हात लावला म्हणून कित्येक लोक चिडले. पुढच्या महिन्यात गूगलने खुलासा केला, की सुमारे ८७ टक्के वेळा पानाने दिलेले नावच आम्ही घेतो. बाकीच्या तेरांत आपण असू नये, एवढे पाहणे लिहिणाऱ्याच्या हाती आहे.

आपणा मराठी लोकांची आणखी एक अडचण. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली होती, पण पुढे बरीच वर्षे आपली संकेतस्थळे आपापल्या खाजगी टंकांत लिहिली जात. पडद्यावर मराठी दिसे आणि पोटात रोमन अक्षरांचा काला असे. मराठी शब्द शोधणाऱ्याला ती पाने सापडणे शक्यच नव्हते. आता तो प्रश्न सुटला, तर शुद्धलेखन आडवे येते. १९६२ साली लेखनाचे नवे नियम झाले आणि जुने अनुस्वार गेले. हरिभाऊंच्या मूळ छपाईतले 'लक्ष्यांत' आज कोणी तसे शोधीत नाही. शिवाय पुष्कळ तरुण मंडळी मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात. शोधणारा कोणता शब्द कसा उच्चारील, हे ओळखणे ही आज नाव ठेवणाऱ्याची खरी परीक्षा आहे.

आणि या परीक्षेचे उत्तर आपल्याच घरात सातशे वर्षे पडून आहे. गीतेवरच्या ज्या टीकेने मराठीचे भाग्य उजळले, तिचे भारदस्त नाव 'भावार्थदीपिका'. ते नाव सुरेख आहे, अर्थपूर्णही आहे. पण वारीच्या वाटेवर, मारुतीच्या देवळात, ओसरीवर लोकांनी मागितली ती 'ज्ञानेश्वरी'. ज्ञानेश्वरांची म्हणून ज्ञानेश्वरी. मागणाऱ्याच्या तोंडी जे बसले ते नाव टिकले. आज पुस्तकाच्या कपाटापुढे जाऊन भावार्थदीपिका मागणारा शंभरांत एक निघाला तरी पुष्कळ.

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या दहावीतल्या मुलाला घेऊन पुन्हा संगणकापुढे बसलो. 'नवीन पान १' पुसले आणि तिथे लिहिले, 'साप चावल्यास काय करावे, काय करू नये : प्रथमोपचार'. शाळेचे नाव त्यामागे, शेवटी. कारण जागा अपुरी पडली आणि शेपूट तुटले, तर शाळेचे तुटावे, सापाचे तुटू नये. माथ्यावरचा मथळाही त्याच अर्थाचा केला. लेखाच्या पहिल्या ओळीत 'साप चावला तर काय करायचं' हे त्या माउलीचे शब्द जसेच्या तसे घातले. शाळेच्या बाकीच्या पानांवर एकच नाव सगळीकडे डकवले होते, ते काढून प्रत्येकाला त्याचे त्याचे नाव दिले. आणि नुसत्या नावाने पत येत नाही हे वाचले होते, म्हणून केंद्रातल्या इतर शाळांना आणि तालुक्याच्या वाचनालयाला या पानाकडे बोट दाखविण्याची विनंती केली. 'पावसाळ्यातला पाहुणा' मात्र माझ्याने पुसवेना. तो आत तिसऱ्या परिच्छेदावर बारीक अक्षरांत अजून बसला आहे. लेखकाची हौस म्हणून वाचकांनी तेवढे सोसावे. आणि या लेखाच्या माथ्यावरचा 'अथवा' मी कोणाकडून उचलला, हेही त्यांच्या ध्यानात आले असेलच.

यंत्राने लगेच दखल घेतली नाही. काही आठवडे गेले. पाऊस सरला, भात कापून झाले, दिवाळी आली. यंदा मृगाचा पाऊस पडला त्या आठवड्यात ती मुलाची आई मुलाला घेऊन शाळेत आली. मुलगा आता सातवीत गेला आहे आणि पाय चांगला आहे. तिने पदराखालून मोबाइल काढला, माझ्यासमोर तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला आणि पडदा माझ्याकडे वळविला. माझा लेख यादीत तिसरा होता. दोरी आवळायला सांगणारे पान अजून तिथेच होते, पण त्याच्या खाली.

"आता येतंय, गुरुजी," ती म्हणाली. "पण दोन पानं अजून वर आहेत. ती कुणाची आहेत, तेवढं बघा."

मी ती दोन्ही तिच्यासमोर उघडून वाचली. दोन्हींत लिहिले होते, की दोरी आवळू नये.